भिंतीकडचं झुडूप

मिनिटरावांनी जन्मात एकच काम कुणी न सांगता केलं, आणि तेवढ्या एका कामाने त्यांच्या जिवाला घोर लावला.

मिनिटराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. बस डेपोत वेळापत्रकाच्या टेबलावर चौतीस वर्षं काढली त्यांनी. कुठली गाडी किती वाजून किती मिनिटांनी सुटायची, कुठल्या थांब्यावर किती थांबायची, ड्रायव्हरने चहा किती मिनिटांत घशाखाली ओतायचा, सगळं ह्यांच्या पेन्सिलीतून उतरायचं. डेपोतल्या लोकांनी ठेवलेलं नाव निवृत्तीनंतर त्यांच्या मागे मागे घरी आलं. बायको एरवी 'अहो' म्हणायची आणि डोकं फिरलं की 'अहो मिनिटराव'. माणूस चांगला, सरळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण एका जातीच्या सगळ्या गोष्टींना एकच नियम लावल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. एक गाडी नियम सोडून चालली की सगळा डेपो कसा कोलमडतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

बायकोचं सगळंच निराळं. ती रंगाच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाईक जुन्या भिंतीचा पोपडा कागदात गुंडाळून आणायचं, ही तो पोपडा दाराशी उजेडात धरायची आणि कुठल्या डब्यात कुठला रंग किती थेंब टाकायचा ते तोंडाने पुटपुटत हाताने मिसळायची. भिंत वाळली की जुना रंग कुठे संपला आणि नवा कुठे सुरू झाला हे खुद्द घरमालकाला सापडत नसे. पुढे दुकानात रंग मिसळायचं मशीन आलं, तरी मालकाने हिला काही सोडलं नाही. लोक तिला शेडबाई म्हणायचे. पांढऱ्याचे अकरा प्रकार तिला पाठ होते. मिनिटरावांच्या लेखी पांढरा म्हणजे पांढरा, फार तर मळका पांढरा.

आणि अशा बाईचे डोळे जायला लागावेत! आता कुणाशी भांडायचं, सांगा.

आधी नजरेच्या मधोमध धुरकट डाग आला. समोर बघितलं की माणसाचं नाक-तोंड गायब, कान तेवढे शिल्लक. म्हणून ती मान तिरकी करून, डोळ्यांच्या कडेने बघायला शिकली. दुकान सोडलं. थंडीच्या सुरुवातीला मोठ्या तपासण्या झाल्या. रिपोर्ट आणायच्या दिवशी तिला ताप होता, म्हणून मिनिटराव एकटेच गेले. डॉक्टरीणबाईंनी त्यांना खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. डॉक्टर स्वतः उठून पाणी देतात तेव्हा काय ते समजून जावं.

"डागाचा वेग वाढलाय," बाई म्हणाल्या. "वर्षभरात फक्त उजेड-अंधार कळण्यापुरतं उरेल. रंग त्याच्या आधी जातील. त्यांना घेऊन या, मी नीट समजावून सांगते."

"मी सांगतो," मिनिटराव म्हणाले.

घरी आले तेव्हा ती पांघरूण घेऊन बसली होती. "काय म्हणाल्या?" तिने विचारलं. मिनिटरावांनी बूट काढायला वाकून तोंड लपवलं आणि म्हणाले, "हळूहळू आहे म्हणाल्या. चार-पाच वर्षं तरी काळजी नाही. पुढची तपासणी उन्हाळ्यानंतर." वाक्य तोंडातून बाहेर पडलं तेव्हा तेच दचकले. परत घ्यायचं म्हटलं तर ती इतकी हुश्श करून उशीला टेकली होती, की त्यांची जीभच रेटेना. उद्या सांगू म्हणाले. तो उद्या काही उजाडला नाही.

आता बागेकडे येऊ, कारण खरा घोटाळा तिथे आहे.

बाग म्हणजे काही मोठी जहागीर नव्हे. पुढे फाटकाच्या दोन अंगांना फुलपाखरांची दोन झुडपं. नर्सरीवाले त्यांना बटरफ्लाय बुश म्हणतात. उन्हाळ्यात फांद्यांच्या टोकाला वीत वीत लांब जांभळे तुरे येतात, मधासारखा वास सुटतो, आणि फुलपाखरं अशी तुटून पडतात की फाटक उघडताना माणसाने जरा थांबावं. आणि मागच्या अंगाला, तीन पायऱ्या उतरून गेलं की कुंपणाच्या भिंतीशी तिसरं. ते तिचं लाडकं. दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने तिला बोटभर काडी ओल्या कागदात गुंडाळून दिली होती. तिने ती चार वर्षं जपली. गेल्या वर्षी त्याला लांबच लांब, खाली झुकणाऱ्या फांद्या फुटल्या. फूल मात्र अजून एकदाही नाही.

"यंदा येणार," ती सांगायची. "त्या बाईंनी सांगितलंय, सबंध फांदीभर येतात. खालपासून वरपर्यंत. पान दिसत नाही म्हणे. ह्याचं सगळं वेगळं असतं, कळलं का?"

"हं," मिनिटराव म्हणायचे. रेडिओवर बातम्या चालू असायच्या. नवऱ्याच्या 'हं'वर विश्वास ठेवून किती बायका बुडाल्यात, देव जाणे.

थंडी सरत आली की झुडपांची छाटणी ती दर वर्षी स्वतः करायची. यंदा कात्री घेऊन गेली आणि पहिल्याच फांदीला बोट कापून परत आली. मिनिटरावांनी बोटाला पट्टी बांधली आणि कात्री हातातून काढून घेतली.

"मी करतो. सांग कसं ते."

"दोन झुडपं आहेत, गुडघ्याएवढी ठेवा," ती म्हणाली. "घाबरू नका, जीव नाही जात त्यांचा. नव्या फांदीलाच फुलं येतात."

मिनिटरावांनी पुढची दोन कापली. गुडघ्याशी फूटपट्टी लावून कापली, हे सांगायला नकोच. मग कात्री पुसता पुसता त्यांच्या मनात आलं, दोन? झुडपं तर तीन आहेत. मागचं हिला आता दिसत नाही, म्हणून मोजणीतून राहिलं बिचारं. त्यांना गलबलून आलं. आठवण करून दिली तर तिला वाईट वाटेल, की बघा, आता मला मोजतासुद्धा येईना. त्यापेक्षा आपणच गुपचूप करून टाकू. ते तीन पायऱ्या उतरले, लांबच लांब झुकलेल्या फांद्यांशी उभे राहिले, आणि प्रेमाने, होय, अगदी प्रेमाने, ते झुडूप गुडघ्याएवढं केलं. फांद्यांचा भारा बांधून कचऱ्याच्या गाडीत टाकला. घरी येऊन "झालं" म्हणाले. तिने "दोन्ही?" विचारलं, ह्यांनी "सगळं" सांगितलं. इतकं समाधान त्यांना निवृत्तीच्या समारंभातसुद्धा वाटलं नव्हतं.

सहा आठवड्यांनी तिन्ही झुडपं फुटली. हिरवीगार, तरारून. मागच्यालाही हातभर नव्या फांद्या आल्या.

"भिंतीकडच्याला कळ्या दिसतात का हो?" ती सकाळच्या चहाला विचारू लागली. स्वतः जाऊन बघायची सोय नव्हती. महिन्यापूर्वी त्या पायऱ्यांवर तिचा पाय घसरला होता, तेव्हापासून मिनिटरावांनी तिला खाली उतरायची बंदी केली होती. "पुढच्यांच्या आधी येतात त्याला. एव्हाना यायला हव्यात."

"अजून नाहीत."

"नीट बघितलंत का? फांदीला चिकटून असतील, बारीक."

मिनिटराव गेले, चष्मा पुसून फांदी फांदी तपासली. पानंच पानं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच.  हा उन्हाळा गेला की तिच्यासाठी दुसरा उन्हाळा नव्हता, आणि हे सगळ्या जगात त्यांना एकट्यांनाच माहीत होतं. चौथ्या दिवशी त्यांनी एक डहाळी खिशात घातली आणि नर्सरी गाठली.

नर्सरीवाली धिप्पाड, चिखलाने माखलेली, बोलायला फटकळ बाई. तिने डहाळी उलटीपालटी केली. "काका, हे पान बघा. एका आड एक आहे. पुढच्या तुमच्या झुडपांना जोडीने असतात, समोरासमोर. ही जातच दुसरी. छाटलं का हे तुम्ही?"

"छाटलं. थंडीच्या शेवटी. गुडघ्याएवढं."

"अरे देवा!" तिने कपाळाला हात लावला, कपाळाला चिखल लागला. "ह्याला गेल्या वर्षीच्या फांदीवर फुलं येतात हो! फुलं येऊन गेली की मग कापायचं असतं हे. तुम्ही यंदाची सगळी फुलं कापून कचऱ्यात टाकलीत."

"मग आता?"

"आता काय? आता पुढच्या उन्हाळ्यात. झाड मेलेलं नाही काही. अहो काका, बसा जरा, असे काय पांढरे पडलात? एका वर्षाचा तर प्रश्न आहे."

मिनिटराव उलट्या ठेवलेल्या कुंडीवर बसले. एका वर्षाचाच प्रश्न होता. फुललेलं मोठं झाड कुठे विकत मिळेल का, म्हणून त्यांनी विचारलं. मोठं झाड नाहीच, ही जात कुणी फारशी ठेवत नाही, ती म्हणाली. त्या आठवड्यात त्यांनी आणखी पाच नर्सऱ्या पालथ्या घातल्या. एकीत बोटभर रोप मिळालं, दुसरीत दुसऱ्याच कुठल्या झाडाचं नाव सांगून गळ्यात मारायला बघत होते. पाय सुजले, हाती काही लागलं नाही.

आणि घरी सकाळचा चहा काही चुकत नव्हता. पाचव्या नर्सरीहून परतल्याच्या दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मेलं तर नाही ना हो ते? मला खरं सांगा. रात्रभर तेच डोक्यात होतं."  आणि मिनिटराव, ज्यांनी चौतीस वर्षांत एका मिनिटाची खोटी नोंद केली नव्हती, ते म्हणाले, "छे गं! कळ्या आल्यात की. आजच दिसल्या."

तिचा चेहरा असा उजळला की बघवेना.

"कसल्या रंगाच्या?"

"जांभळ्या."

"अहो, कसला जांभळा? निळ्याकडे झुकलेला, गुलाबीकडे, की मधेच? पावसाळी ढगात असतो तसा, की वांग्याचा?"

"जांभळा गं, जांभळ्यासारखा."

"जळलं मेलं तुमचं बघणं," ती हसली. "उद्या नीट बघून सांगा."

म्हणजे आता आली का पंचाईत! थाप मारणं सोपं, पण रंगाच्या दुकानात आयुष्य काढलेल्या बाईला रंगाची थाप मारायची म्हणजे खायचं काम नव्हे. मिनिटरावांनी कपाटाच्या खालच्या कप्प्यातून तिचं जुनं शेडकार्ड, नंबर घातलेल्या रंगांच्या चौकोनांचं, काढलं, सदऱ्याच्या आत लपवलं आणि पुन्हा नर्सरी गाठली. नर्सरीवालीच्या मोबाइलमध्ये त्या जातीच्या फुललेल्या झाडाचा फोटो होता. तो मोठा करून मिनिटराव त्यावर एक एक चौकोन लावून बघत बसले, गिऱ्हाइकं त्यांना वळसा घालून जात होती.

"काका, तुमचं नक्की काय चाललंय?" नर्सरीवालीने विचारलं.

"रंग जुळवतोय."

"फुलं नाहीत आणि रंग कसला जुळवताय?"

मिनिटरावांनी कार्डावरचा पुढचा चौकोन फोटोवर धरला.

दुसऱ्या दिवशी चहाचा कप ठेवता ठेवता ते म्हणाले, "तीनशे बारा आहे बघ. तुझ्या जुन्या कार्डावरचा तीनशे बारा."

ती एकदम ताठ बसली. "तीनशे बारा? खरंच? तो फार गोड रंग आहे हो. त्यात राखाडीचा एकच थेंब असतो, दुसरा पडला की मेला रंग. वर्षाला एखादं गिऱ्हाईक मागायचं." मग ती म्हणाली, "तुम्ही माझ्यासाठी शेडकार्ड घेऊन झाडाशी उभे राहिलात? तुम्ही?" तिने हात पुढे केला, तो आधी कपाला लागला, मग त्यांच्या मनगटाला. मिनिटरावांना त्या क्षणी जमीन दुभंगून आत घ्यावं असं झालं.

नंतर खोट्याला तोटा राहिला नाही. कळ्या टपोऱ्या झाल्या. खालच्या फांदीवर पहिलं फूल उमललं. फुलपाखरं आली का? आली, दोन-तीन. कुठली? पिवळी. सकाळी की दुपारी? दुपारी. एका खोट्याच्या वेळेत दुसरं खोटं घुसू नये म्हणून मिनिटराव सगळं पेन्सिलीने एका कागदावर लिहून ठेवू लागले, आणि तो कागद तिच्यापासून लपवायची गरज नाही हे लक्षात आलं तेव्हा त्यांना स्वतःचीच किळस आली. तिला वाचता येत नव्हतं ना आता. कागद टेबलावर उघडा पडला तरी चालत होता.

त्यांचं वजन उतरलं. जेवताना घास फिरू लागला.  ती पायऱ्यांकडे नुसती वळली तरी हे "अगं, ओलं आहे, ओलं आहे" करत धावायचे. बाहेर ऊन रखरखत असायचं.

मग एका गुरुवारी तिने धाकट्या बहिणीला फोन लावला. मिनिटराव शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत होते, हातातली घडी हातातच राहिली. "रविवारी ये गं," ती सांगत होती. "भिंतीकडचं फुललंय, चार वर्षांनी. तू माझा हात धर, मी पायऱ्या उतरते. ह्यांच्या धाकाने मी अजून बघितलंच नाही. जवळ गेलं, मान तिरकी केली की मला चांगलं दिसतं अजून."

 दुपारी बागेच्या कोपऱ्यात जाऊन मिनिटरावांनी मेहुणीला फोन केला.

"ह्या रविवारी नको येऊस," ते म्हणाले. "हिला जरा बरं नाही."

"सकाळी तर खणखणीत बोलत होती. भाऊजी, काय झालंय?"

"काही नाही."

"तुम्हाला खोटं बोलता येत नाही, कशाला त्या वाटेला जाता?" मेहुणी म्हणाली. "ताईने कितीतरी दिवसांनी आपण होऊन बोलावलंय. मी येणार म्हणजे येणार."

खोटं बोलता येत नाही! मिनिटरावांना हसावं की रडावं कळेना.

शुक्रवार गेला. शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर ती पलंगाखालून रबरी तळाच्या चपला शोधून खिडकीपाशी बसली आणि फडक्याने पुसू लागली. "ह्या घसरायच्या नाहीत," म्हणाली. तिने उद्यासाठी साडीसुद्धा काढून ठेवली होती. झाडाला भेटायला साडी! मिनिटराव दाराच्या चौकटीला टेकून हे बघत होते आणि त्यांना आता आणखी एक मिनिट ढकलता येईना.

"अगं," ते म्हणाले, "उद्या खाली जाऊ नकोस. फुलं नाहीत."

"गळली? एवढ्यात?"

"आलीच नव्हती." आणि मग बांध फुटावा तसं त्यांनी सगळं सांगितलं. कात्री, गुडघा, कचऱ्याची गाडी, एका आड एक पान, पाच नर्सऱ्या, मोबाइलवरचा फोटो, तीनशे बारा. पिवळ्या फुलपाखरांचंसुद्धा सोडलं नाही.

ती ऐकत होती. हातातलं फडकं चपलेवर तसंच होतं.

"मी किती झुडपं सांगितली होती?"

"दोन."

"मग तिसऱ्याला कात्री का लावलीत?"

"मला वाटलं..." मिनिटराव अडखळले. "वाटलं, मागचं तुला दिसत नाही, म्हणून मोजायचं राहिलं."

"डोळे गेलेत माझे, डोकं नाही गेलं!" ती इतक्या जोरात म्हणाली की चपला खाली पडल्या. "चार वर्षं, अहो मिनिटराव, चार वर्षं मी ती काडी जपली! वर सांगत होते तुम्हाला, की ह्याचं वेगळं असतं, आणि तुम्ही हं म्हणत होता! आणि मग रोज सकाळी मला समोर बसवून फुलं दाखवत होता? मी वेडीसारखी बहिणीला सांगत सुटले!" ती रडली, मग रडल्याचा राग आला म्हणून आणखी रडली. मिनिटरावांनी मान खाली घातली. बोलणी खात होते, पण इतक्या आठवड्यांत पहिल्यांदाच त्यांना धड श्वास घेता येत होता.

पण श्वासही फार वेळ पुरला नाही. हळूहळू तिचा पारा उतरला. तिने पदराने तोंड पुसलं, नाक ओढलं, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "जाऊ दे. झाड तर जिवंत आहे ना?"

"आहे."

"मग झालं तर. येतील पुढच्या वर्षी. चार वर्षं थांबले, अजून एक थांबेन. त्यात काय एवढं रडायचं? मी पण मेली..." ती ओशाळून हसलीसुद्धा. "पुढच्या उन्हाळ्यात बघू आपण. तोवर त्याला हात लावलात तर हात तोडून ठेवीन."

बस. इथे एक 'हो' म्हटलं असतं तर मिनिटराव सुटले होते. ती वाटच बघत होती त्या 'हो'ची. झुडपाचं खोटं माफ झालं होतं, बहिणीला काय सांगायचं ते तिनेच निभावलं असतं, संध्याकाळचा चहा रोजच्यासारखा झाला असता. मिनिटरावांनी तोंड उघडलं. 'हो' जिभेच्या टोकावर होतं. त्यांना दिसलं की हे 'हो' म्हटलं की आपण तिला दर उन्हाळ्याला काहीतरी दाखवत राहणार, आणि तिला कधीच कळणार नाही की त्यातलं काय खरं होतं.

"पुढच्या वर्षी तुला दिसणार नाही," ते म्हणाले.

खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"कोण म्हणतं?"

"डॉक्टरीणबाई. रिपोर्टच्या दिवशी. वर्षभरात फक्त उजेड-अंधार उरेल, म्हणाल्या. रंग त्याच्या आधी. मी चार-पाच वर्षं सांगितलं ते माझ्या मनाचं. त्यांनी तुला घेऊन यायला सांगितलं होतं, तेही मी दाबलं."

 तिने बोटांवर काहीतरी मोजलं. ती गेलेले महिने मोजत होती की उरलेले, मिनिटरावांना कळलं नाही.

"थंडीपासून तुम्हाला माहीत आहे," ती शेवटी म्हणाली. आवाज चढला नव्हता, आणि मिनिटरावांना तो चढलेला चालला असता. "थंडीपासून मी दुपारी झोपतेय. कंटाळा आला की डोळे मिटून पडतेय, सबंध सबंध दुपार. अहो, मला वाटत होतं माझ्याकडे चार वर्षं आहेत. मी उधळली ती. तुम्ही मला उधळू दिलीत."

"मला वाटलं, जेवढे दिवस सुखात जातील..."

"तुम्हाला वाटलं! तुम्हाला वाटायचं आता बंद करा." तिने श्वास घेतला. "पुढे मला काही दिसणार नाही. दारात कोण आलंय, ताटात काय आहे, माझ्या अंगावर कुठला रंग आहे, सगळं तुमच्या तोंडून ऐकायचंय मला. तुमच्या शब्दावर चालायचंय. आणि तुम्ही गोड वाटेल ते सांगणार असाल, तर मी कशावर पाय ठेवायचा? बोला ना!"

 "चुकलो," मिनिटराव म्हणाले. "फार मोठं चुकलो गं." त्यांना रडू फुटलं. बायकोसमोर ते रडले नव्हते असं नाही, पण असे नाही.

ती त्यांच्याजवळ आली नाही. टेबल चाचपून तिने फोन घेतला आणि बहिणीला लावला.

"उद्या ये," ती म्हणाली. "नाही, फुलं नाहीत. ह्यांनी कापली चुकून, ते मग सांगते. नाही गं, त्यासाठी नको येऊस. मला तुला बघायचंय. चार दिवस राहा. सकाळी लवकर ये म्हणजे उजेड असतो." पलीकडून काहीतरी विचारलं असावं. "हो," ती म्हणाली. "हो. आत्ताच कळलं." आणि फोन ठेवला.

मग ती खुर्ची ओढत खिडकीच्या आणखी जवळ घेऊन बसली. दुसरी खुर्ची पायाने पुढे सरकवली.

"तुम्ही तिकडे दारात अंधारात काय उभे आहात?" ती म्हणाली. "इकडे या. उजेडात बसा."

मिनिटराव येऊन बसले. तिने त्यांची हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवलं, मान तिरकी केली आणि बघायला लागली. कपाळ, भुवया, कानाजवळचा तीळ, सगळं एका कडेने दुसऱ्या कडेपर्यंत, भिंतीचा पोपडा उजेडात धरायची तशी, घाई न करता. मिनिटरावांनी डोळे पुसायला हात उचलला.

"हलू नका," ती म्हणाली.